पोटात दुखतंय, शाळेत नाही जायचं: मुलांच्या भावना आणि अभ्यास, पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवते, एकवीस वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी बीड जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी शाळांत गेली, म्हणजे एका खोलीत दोन वर्ग, मधे मी, आणि फळ्याचे दोन भाग. पालकसभेत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत आणि आता व्हॉट्सॲपवर लोक जे प्रश्न विचारतात ते एकदाचे एका ठिकाणी लिहून काढले. मी मानसशास्त्रज्ञ नाही. थोडं वाचलंय, जास्त बघितलंय.

भावना आणि अभ्यास यांचा खरंच काही संबंध असतो का, का हे आजकालचं फॅड आहे?

संबंध आहे, आणि तो किती आहे हे बघायचं असेल तर दुसरी-तिसरीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी करताना बघा. ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत, मग शेजारचा एक दशक सुटा केला, झाले बारा, बारातून सात गेले पाच, पण तेवढ्यात पाच दशकांचे चार राहिले हे ध्यानात ठेवायचं, चारातून दोन गेले दोन, उत्तर पंचवीस. हे सगळं पोर डोक्यातल्या एका छोट्या पाटीवर करत असतं. ती पाटी मोठ्यांचीही फार मोठी नसते, सात-आठ वर्षांच्या लेकराची तर तळहाताएवढी. आता त्याच वेळी मनात चाललं असेल की चुकलं तर सगळे हसतील, किंवा काल रात्री पप्पांनी ताट फेकलं तसं आज पण होईल का, तर हे पण त्याच पाटीवर लिहिलं जातं, दुसरी पाटी नसतेच. मग 'पाचाचे चार राहिले' हे पुसलं जातं आणि पोरगं लिहितं ३५.

गंमत म्हणजे, ज्याला हातचा कळलेलाच नाही ते पोरगंसुद्धा ३५ च लिहितं. ते मोठ्यातून लहान वजा करतं, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दोन्ही वह्यांत एकच चूक, एकच लाल फुली. एकाला गणित शिकवायचंय आणि दुसऱ्याची भीती घालवायचीय, आणि नुसती वही तपासून हे कळायला काहीच मार्ग नाही. शेजारी बसवून 'कसं केलंस, मला बोलून दाखव' म्हटलं तर दोन मिनिटांत कळतं. पुढचे सगळे प्रश्न मला तरी याच ३५ चे प्रकार वाटतात.

घरी सगळं धडाधड सांगतो आणि पेपरात कोरं सोडतो. नाटक करतो का?

नाही हो. घरी पाटी मोकळी असते, तिथे घाईची, मार्कांची भीती नसते, एवढाच फरक. पहिली-दुसरीच्या मुलांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. त्यात दिसलं की गणिताची धास्ती असलेल्यांत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ज्यांची ही डोक्यातली पाटी मोठी आहे त्यांचं, म्हणजे एरवी जी मुलं हुशार म्हणून ओळखली जातात त्यांचं, कारण अशी मुलं तोंडी, मनातल्या मनात हिशोब करायच्या रीती वापरतात आणि धास्ती नेमकी तिथेच घाला घालते. बोटांवर मोजणाऱ्याचं तेवढं बिघडत नाही, बोटं काही घाबरत नाहीत.

म्हणून 'घरी येतं मग शाळेत का नाही आलं' हा प्रश्न पोराला विचारू नका, त्याच्याकडे उत्तर नसतं. पेपर घरी आणून तेच गणित परत सोडवून घ्या. आलं तर समजा गणित येतंय, अडचण दुसरीकडे आहे.

दर सोमवारी सकाळी पोटात दुखतं, रविवारी ठणठणीत असतो. खोटं बोलतो ना?

दुखतं ते खरंच दुखतं. ताण आला की पोटात गोळा येतो हे आपल्याला स्वतःच्या बाबतीत मान्य असतं, पोराच्या बाबतीत आपण पोलीस होतो. आधी डॉक्टरला दाखवा, जंत वगैरे बघून घ्या, आणि तिथे काही निघालं नाही तर मग कॅलेंडर घेऊन बसा. कुठल्या वारी दुखतं, कुठल्या तासाला, सुट्टीनंतर जास्त का. एका मुलीचं फक्त गुरुवारी दुखायचं. गुरुवारी मी पाढे उभं करून म्हणवून घ्यायचे. मला हे कळायला तीन महिने लागले, आणि ते पण हजेरीपटामुळे कळलं, तिच्या नावापुढे दर गुरुवारी गैरहजर. मी मग पाढे सगळ्यांनी बसून, जोडीत म्हणायचे असं केलं. गुरुवारचं दुखणं थांबलं, सतराचा पाढा अजून चुकतो, चुकू दे.

कारण दरवेळी अभ्यासाचंच असेल असंही नाही. रिक्षात शेजारी बसणारं मोठं पोरगं चिमटे काढत असतं. संडासाच्या दाराला कडी नसते म्हणून मुली दिवसभर दाबून धरतात, पाणी पीत नाहीत, आणि दुपारी डोकं दुखतं म्हणून बाकावर पडतात, मग आपण म्हणतो अभ्यासात लक्ष नाही. कडी सत्तर-ऐंशी रुपयांना मिळते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय काढा, फार कमी लोक काढतात.

वाचता येत नाही म्हणून ती बुजते, का बुजते म्हणून वाचता येत नाही?

दोन्ही, आणि हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. राइनहार्ट पेक्रुन नावाचे जर्मन संशोधक आहेत, त्यांनी मुलांना गणितात काय वाटतं आणि मार्क किती पडतात हे वर्षानुवर्षं एकाच मुलांचं मोजलं, त्यात निघालं की मार्क पडले नाहीत की कंटाळा, राग, लाज वाढते आणि लाज-कंटाळा वाढला की पुढच्या वर्षीचे मार्क घसरतात. ती मुलं पाचवी ते नववीतली होती पण पहिलीच्या वर्गातही मला हेच दिसतं, फक्त वेग जास्त असतो. पहिलीत जोडाक्षर अडलं, दुसरीत धडा अडला, तिसरीत तर पोरगी पुस्तक उघडल्याचं नाटक करायला शिकते, ओठ हलवते, शेजारणीच्या मागून एक अक्षर उशिरा म्हणते. चौथीपर्यंत ती या कलेत इतकी पटाईत होते की नवीन शिक्षकाला महिनाभर पत्ता लागत नाही.

इथे माझं मत जरा वेगळं आहे आणि ते काही सहकाऱ्यांना आवडत नाही. लोक म्हणतात आधी मुलाचा आत्मविश्वास वाढवा मग अभ्यास येईल. भाषणं देतात, 'तू करू शकतोस' असं म्हणवून घेतात, चार्टवर चांदण्या चिकटवतात. ज्याला 'क्ष' आणि 'ज्ञ' दिसत नाही त्याला चांदणी देऊन काय होणार, त्याला माहीत असतं ना आपल्याला येत नाही ते. अशा वेळी सगळ्यात मोठी माया म्हणजे त्याला वाचायला शिकवणं, आणि असं शिकवणं की त्यात त्याची शोभा होणार नाही.

तिसरीतल्या एका मुलाला मुळाक्षरंच पक्की नव्हती. पहिलीचं पुस्तक हातात दिलं तर दप्तर फेकून बाहेर गेला, चूक माझीच, चारचौघांत दिलं होतं. मग मी त्याला काम दिलं की पहिलीतल्या दोघांना रोज दुपारी एक गोष्ट वाचून दाखवायची. आता ती गोष्ट वाचून दाखवायची म्हणजे आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर माझ्याकडे बसून ती तयार करायला लागली, त्याला कारण मिळालं. पहिलीच्याच पुस्तकातली गोष्ट होती पण आता ती 'त्याची' नव्हती, पोरांसाठी होती. दिवाळीपासून होळीपर्यंत एवढं चाललं. होळीला तो पेपरातल्या जाहिराती वाचत होता, मोठ्याने, न थांबता, डोकं उठेपर्यंत.

थोडी भीती हवीच ना? आम्ही पण छड्या खाऊनच शिकलो.

हा प्रश्न आजोबा लोक हमखास विचारतात. थोडासा ताण, म्हणजे उद्या चाचणी आहे, स्नेहसंमेलनात पाठांतर आहे, एवढा असला तर पोरं सावध राहतात, ते बरंच असतं. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले, त्यात हेच दिसलं की सोप्या कामात जोराचा धक्का चालून जातो पण काम अवघड असलं की धक्का वाढवल्यावर शिकणं बिघडतं. छडीने शुद्धलेखन दहा वेळा लिहून होतं. अपूर्णांक नाही कळत.

शिवाय कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला दोन्हीला बंदी आहे. लोकांना पहिलं माहीत असतं, दुसरं माहीत नसतं. टोमणा, 'ढ' म्हणणं, पूर्ण वर्गासमोर उभं करून कमी मार्क वाचून दाखवणं, हे सगळं दुसऱ्यात येतं.

आणि हे मी कोणाला शिकवायला म्हणून नाही लिहीत. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी चाचणीचे मार्क मोठ्याने वाचले, वीसपैकी दोन, आणि वर म्हटलं, 'दोन तरी कसे पडले रे?' वर्ग हसला, मला पण हसू आलं. ते पोरगं त्याआधी दर प्रश्नाला हात वर करायचं, उत्तर चुकलं तरी. त्यानंतर मार्चपर्यंत त्याचा हात वर झाला नाही. मी नंतर गोड बोलले, पुढे बसवलं, खडू आणायला पाठवलं, काही उपयोग झाला नाही. एका वाक्याला चार सेकंद लागले असतील.

आम्ही ऊसतोडीला जातो, पोरगं आजीजवळ ठेवतो. सहामाहीपर्यंत बरं असतं, मग एकदम मागे पडतं. असं का?

आमच्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न हा आणि पुस्तकांत तो फारसा सापडत नाही. दिवाळीच्या आसपास मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी लागते, आई-बाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात ते मार्च-एप्रिलला परत. म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष घराला कुलूप. जी पोरं बरोबर जातात त्यांची शाळाच बुडते, ती वेगळी कथा. पण मागे राहिलेल्यांची शाळा चालू असते, हजेरी लागते, खिचडी खातात, आणि तरी काहीतरी बंद पडलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात ही पोरं खूप दंगा करतात. मारामाऱ्या, शिव्या. मला आधी वाटायचं घरी कोणी धाक लावायला नाही म्हणून उंडारतात. मग लक्षात आलं की दंगा करणारी आणि चारच दिवसांपूर्वी ज्यांच्या आया गेल्या ती तीच पोरं. दंगा संपला की मग ती गप्प होतात, आणि गप्प झाली की शिक्षकाला बरं वाटतं, खरं तर काळजी तिथून सुरू करायला हवी. एकदा दुसरीतल्या मुलीने 'माझी आई' निबंधाच्या पाच ओळींत एकच ओळ लिहिली, 'माझी आई उसाला गेली', आणि मग ते पान खोडरबरने इतकं घासलं की कागद फाटला. तो निबंध नोव्हेंबरात घ्यायचं काही अडलं होतं का? पाठ्यक्रमात होता म्हणून घेतला.

काय करता येतं ते सांगते. जायच्या आधी पोराला खरं सांगून जा, रात्रीतून झोपेत सोडून जाऊ नका, 'बाजाराला गेलेत' असं आजीला सांगायला लावू नका, पोराचा मोठ्या माणसांवरचा विश्वास उडतो आणि तो वर्गात आमच्यावरचा पण उडतो. परत येणार कधी, तर तारीख नको, खूण सांगा, 'होळी झाली की', 'जत्रेच्या आधी'. फोन ठरलेल्या वेळी करा, आठवड्यातून एकदा असला तरी चालेल पण ठरलेला, कारण वाट बघण्यात पोराचा अख्खा दिवस जातो. आणि फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचा नको. काही गावांत हंगामी वसतिगृह चालतं, तिथे संध्याकाळचं जेवण आणि सोबतीला पोरं असतात, असेल तर जरूर ठेवा, आजी एकटी थकते. आम्ही वर्गात काय करतो, तर त्या काळात नवीन अवघड घटक जरा पुढे ढकलतो, उजळणी जास्त घेतो, आणि आई-बापांना व्हॉइस मेसेजवर पोरांनी वाचलेली गोष्ट पाठवतो. उत्तरादाखल फडातून आवाज येतो, मागे ट्रॅक्टर, पोरं तो दहा-दहा वेळा ऐकतात.

घरी आमची बोली वेगळी आहे. शाळेत पोरगी तोंडच उघडत नाही.

बंजारा तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी ही त्यांची बोली बोलतात आणि शाळेत एकदम पुस्तकी मराठी. त्यांना वाटतं आपण बोललो की चुकतं. हे 'लक्ष नसणं' नाही, भाषेची लाज आहे, आणि लाज शिक्षकच लावतात, 'असं नाही, असं म्हण' करून करून. मी गोरमाटीतले शंभरेक शब्द शिकले, चुकीचे उच्चार केले, पोरं पोट धरून हसली, त्या दिवसापासून वर्गात बोलणं वाढलं. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला वारली आदिवासी पोरांसाठी शाळा थेट गुरं चरायच्या कुरणात नेली होती, पोर शाळेत येत नाही तर शाळा पोराकडे, त्याच्या तुलनेत शंभर शब्द म्हणजे काहीच नाही.

शहरातल्या लोकांनो, तुमचं पण हेच आहे बरं का. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी मीडियम, आणि पीटीएमला मॅडम म्हणतात 'शी इज व्हेरी क्वाएट'. घरी ती रेडिओ असते. ज्या भाषेत रडता येत नाही, भांडता येत नाही, 'मला नाही कळलं' म्हणता येत नाही, त्या भाषेत ती मुलगी सहा तास बसते. मीडियम बदला असं मी म्हणत नाही, तो तुमचा निर्णय, पण निदान घरी तरी इंग्रजीचा आग्रह धरू नका, आणि 'मला टॉयलेटला जायचंय', 'परत सांगा', 'तो मला मारतोय' ही तीन वाक्यं पहिल्या दिवशी पाठ करून द्या.

'हुशार आहेस' असं म्हणू नये म्हणतात, खरंय का?

म्हटलं म्हणून आभाळ कोसळत नाही. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचा १९९८ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, पाचवीच्या मुलांना कोडी दिली, काहींना म्हटलं तुम्ही हुशार आहात, काहींना म्हटलं तुम्ही मेहनत केलीत, मग मुद्दाम अवघड कोडी दिली ज्यात सगळेच आपटले. त्यानंतर परत सोपी दिली तर 'हुशार' म्हटलेल्यांचं आधीपेक्षा खराब झालं, आणि आपले मार्क दुसऱ्यांना लिहून कळवताना वाढवून सांगणारी मुलं त्यांच्यात जास्त निघाली. हे मला एकदम पटतं, वर्गातल्या पहिल्या नंबरवाल्यांइतकी मार्कांची खोटी बेरीज कोणीच करत नाही. पण नंतर या कल्पनेवर जे मोठे कार्यक्रम झाले त्यांचा परिणाम छोटाच निघाला, त्यामुळे शब्द बदलले की मुलं बदलतील असं कोणी विकत असेल तर घेऊ नका. मी आपली जे दिसलं ते सांगते: 'खाडाखोड केलीस पण शेवटी जमलं', 'कालपेक्षा दोन ओळी जास्त वाचल्यास'. पोरांना खरं कौतुक आणि तोंडदेखलं कौतुक बरोबर कळतं.

गृहपाठ घ्यायला बसलं की घरात रोज युद्ध होतं.

कोण घेतं गृहपाठ? ज्याला स्वतःला गणिताची धास्ती आहे त्याने गणिताचा घेऊ नये, हे मी खरंच सांगते. २०१५ मध्ये एक अभ्यास आला, पहिली-दुसरीच्या मुलांवरचा, त्यात ज्या पालकांना गणिताची भीती होती आणि जे वारंवार गृहपाठात मदत करत होते त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची धास्ती वाढली. तेच भित्रे पालक जास्त मदत करत नव्हते तिथे हे दिसलं नाही. 'मला पण कधी गणित जमलं नाही बाई' हे आपण पोराला धीर द्यायला म्हणतो, त्याला ऐकू येतं की आपल्या घराण्यातच नाही.

वीस मिनिटं, ठरलेली जागा, टीव्ही बंद, आणि डोळ्यांत पाणी आलं की वही बंद. अर्धवट वही घेऊन पाठवा, वर लिहा 'इथे अडलं'. मला अशी वही पूर्ण वहीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण पूर्ण वहीत मला बहुतेक वेळा आईचं अक्षर दिसतं.

झोप, खाणं यांचा पण संबंध असतो का?

असतो की. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात, आणि आपली पोरं सिरियल संपेपर्यंत जागी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा राज्य सरकारचा निर्णय २०२४ मध्ये निघाला तो याचसाठी. पोटाचं म्हणाल तर आमच्याकडे साडेअकराला एकमेकांना ढकलणारी पोरं खिचडी खाल्ल्यावर देवासारखी बसतात. सकाळी निदान चहा-चपाती तरी.

मुलगा असून सारखा रडतो.

रडू दे. पुसून परत लिहायला बसतो ना? मग झालं. 'मुलीसारखा रडतो' म्हटल्यावर तो रडायचा थांबतो आणि मारायला लागतो, आमच्याकडे तक्रारी मग त्या येतात.

स्कॉलरशिप, नवोदयची तयारी करून घेतोय, ताण येईल का?

परीक्षेने येत नाही, पाहुण्यांना सांगून ठेवल्याने येतो. नवोदयला एका जिल्ह्यातून साधारण ऐंशी मुलं घेतात आणि बसतात हजारो, म्हणजे चांगली मुलं पण राहणारच, हे पोराला आधीच सांगून ठेवा आणि मुख्य म्हणजे स्वतःला सांगा. निकालाच्या दिवशी घरातला चेहरा कसा असतो ते पोर आयुष्यभर लक्षात ठेवतं. सराव प्रश्नपत्रिका आवडीने सोडवत असेल, वेळ लावून बसत असेल तर उत्तम. नखं कुरतडायला लागला, अंथरूण ओलं करायला लागला, तर दोन आठवडे पुस्तकं माळ्यावर.

शाळांमध्ये यासाठी काही करतात का, का सगळं आमच्यावरच?

कागदावर पुष्कळ आहे. दिल्ली सरकारने जुलै २०१८ पासून आठवीपर्यंत हॅपिनेस करिक्युलमचा रोजचा तास सुरू केला. आपल्याकडे २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' आला, पहिली ते आठवी, त्यात श्वासाचे व्यायाम, खेळ, गोष्टी, ताण कसा हाताळायचा वगैरे. असल्या गोष्टींचा उपयोग होतो का, तर हो. २०११ मध्ये जोसेफ डरलक आणि त्यांच्या साथीदारांनी २१३ कार्यक्रमांचा, २ लाख ७० हजारांवर मुलांचा एकत्र हिशोब मांडला, बहुतेक अमेरिकेतल्या शाळा, आणि अभ्यासात सरासरी अकरा पर्सेंटाइलचा फायदा दिसला. म्हणजे शंभरात बरोबर मधे असणारं मूल, खालून मोजलं तर, साधारण एकसष्टाव्या जागी वर सरकलं. पण त्यातच असंही निघालं की जिथे कार्यक्रम नीट राबवला तिथेच हा फायदा. आमच्याकडे शनिवारी आनंददायी उपक्रम घेतला की त्याचे फोटो ग्रुपवर टाकायचे असतात, त्यामुळे आनंद रांगेत उभा करून, कॅमेऱ्याकडे बघून घ्यावा लागतो. तरी चालू द्या. पोरं शनिवारची वाट बघतात हे खरं.

माझ्या वर्गात त्याहून साधी गोष्ट चालते. दाराजवळ एक डबा, आत चिंचोके. लाल रंगवलेला चिंचोका टाकला की समजायचं आज काहीतरी बिनसलंय, नाव नाही विचारायचं. परिपाठानंतर डबा बघते. पाच-सहा लाल निघाले तर त्या दिवशी नवीन धडा नाही. कधी कोणी टाकला ते कळतं, कधी नाही. कोविडनंतर लहान वर्ग २०२१ च्या डिसेंबरात उघडले, तेव्हा दुसरीतल्या पोरांनी शाळा पहिल्यांदाच बघितली होती, त्या महिन्यात डबा लालच लाल. वाचन घ्या, वाचन घ्या म्हणून वरून फोन, आणि पोरं अजून एकमेकांजवळ बसायला घाबरत होती.

डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे कधी न्यायचं?

महिनाभर रोज शाळेला नकार, घरी बोलतं पण शाळेत महिनोन् महिने एक शब्द नाही, झोपेत दचकणं, खाणं सुटणं, स्वतःला मारून घेणं, 'मी मेलो तर बरं' असलं काही बोलणं, यातलं शेवटचं असेल तर महिनाभर सुद्धा थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. पोराला कोणी मारतंय, नको तिथे हात लावतंय असं वाटलं तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

दुसरं, कष्ट करूनही अक्षरं उलटी-पालटी, तिसरीतही 'ब' आणि 'व' चा घोळ, तोंडी सगळं येतं आणि लिहिताना शून्य, तर ते आळशीपण नसून अध्ययन अक्षमता असू शकते, तपासून घ्या. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली होती आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात या अक्षमतेचं नाव आलं. प्रमाणपत्राला लोक लाजतात. पोराला इतकी वर्षं ढ म्हणवून घेताना नाही लाज वाटली का, असं तोंडावर येतं माझ्या, गिळते.

शाळेतून आल्यावर 'काय झालं आज?' विचारलं की 'काही नाही' म्हणतो. मग कळायचं कसं?

दारातच विचारलं की काही नाहीच मिळणार, तुम्ही तरी ऑफिसातून आल्यावर सांगता का. आधी खायला द्या. समोर बसवून डोळ्यांत बघून विचारू नका, हाताला काम आणि नजर खाली असली की पोरं बोलतात. घाटे सोलताना, गाडीवर मागे बसल्यावर, भांडी पुसताना. मी शाळेतसुद्धा ज्याच्याशी बोलायचंय त्याला मध्यान्ह भोजनाचे तांदूळ निवडायला घेते. पहिली दहा मिनिटं शांतता असते. मग खडा बाजूला टाकत, माझ्याकडे न बघता, 'मॅडम, मला ना, तो हातचाच नाही कळत.'